मांगातले कोन आणि पोझ: आधी डोळ्याची पातळी, मग माणूस

निळीपेन्सिल (धागाकर्ती)

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या शैलीत काढलेल्या बऱ्याच पानांवर चेहरा सुबक असतो, केस सुबक असतात, डोळ्यांतली चमकही जिथल्या तिथे असते, पण पात्र चौकटीत चिकटवल्यासारखं दिसतं. दोष बहुतेक वेळा शरीररचनेच्या अभ्यासाचा नसतो. आपण पात्राकडे कुठून पाहतोय हे ठरण्याआधीच पेन्सिल चाललेली असते. म्हणून हा धागा फक्त कोन आणि पोझ यांच्यासाठी आहे. डोळे आणि केस यांवर आधीच भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे नको.

जपानी मांगाकार काम कुठल्या क्रमाने करतात ते बघण्यासारखं आहे. सगळ्यात आधी पानाचा कच्चा आराखडा होतो, त्याला ते 'नेमु' म्हणतात. त्यात पात्रं म्हणजे नुसते गोळे आणि काड्या. पण कॅमेरा, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा, वर आहे की खाली, जवळ की लांब, पात्राचं तोंड कुठे, संवादाचे फुगे कुठे, हे सगळं तिथेच ठरतं. संपादक नेमु बघतो, बदल सांगतो, आणि मगच मूळ कागदावर काम सुरू होतं. व्यावसायिक मूळ कागद बी४ असतो, २५७ × ३६४ मिमी, आणि आतली चौकट १८० × २७० मिमी. मासिकात हे साधारण ८२ टक्क्यांवर छापलं जातं. त्यामुळे लांबच्या पात्राच्या बोटांत भरलेला बारकावा छपाईत गच्च होतो, पण चुकलेला कोन तसाच्या तसा दिसत राहतो.

एका चौकटीचा माझा क्रम असा:

१. चौकट आखली की पहिली रेघ क्षितिजाची, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीची, फिकट निळ्या पेन्सिलीने. क्षितिज चौकटीबाहेर जात असेल तर बाहेर कागदावर आखायचं, पण आखायचंच.
२. छातीचा एक खोका आणि कमरेचा एक खोका. दोन्ही क्षितिजाच्या वर आहेत की खाली, त्यावरून खोक्याचा तळ दिसणार की माथा, हे ठरतं.
३. डोक्याचा गोळा, त्यावर मधली उभी रेघ आणि डोळ्यांची आडवी रेघ.
४. हातपाय म्हणजे नळकांडी. प्रत्येक सांध्यावर एक लंबवर्तुळ.
५. बाह्यरेषा आतून काळी भरून बघायची. नुसत्या काळ्या आकारावरून क्रिया कळत नसेल तर पोझ बदलायची. कपडे त्यानंतर.

लंबवर्तुळाचा नियम सोपा आहे. क्षितिजाच्या वर असलेल्या भागावरची आडवी रेघ कमानीसारखी वर उचलली जाते. क्षितिजाखालच्या भागावरची रेघ खाली झोळ घेते. कॉलर, बाहीची कड, कमरेचा पट्टा, मोज्याची कड, सगळ्यांना हेच लागू. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चेहरा खालून पाहिलेला आणि कॉलर मात्र झोळ घेतलेली. वाचकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण मान मोडल्यासारखी वाटते.


टाकबोरू

निळीपेन्सिलताई, उत्तम सुरुवात. चेहऱ्याचं मी सविस्तर लिहितो, कारण तिथेच जास्तीत जास्त लोक अडतात. जपानी स्टुडिओत दोन शब्द सतत कानावर येतात: खालून वर पाहणारा कोन म्हणजे 'आओरी', वरून खाली पाहणारा म्हणजे 'फुकान'. पुढे हेच शब्द वापरतो.

आओरीत हनुवटीचा खालचा सपाट भाग दिसतो. जबड्याची कड आणि गळा यांच्यामध्ये एक त्रिकोणी जागा तयार होते, आणि तिथे सावली टाकली की निम्मं काम होतं. नाकाचा शेंडा वर सरकून डोळ्यांजवळ येतो, कपाळ आणि डोक्याचा माथा आक्रसतो. कान डोळ्यांच्या रेघेपेक्षा खाली उतरतात. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. कान जुन्या जागी ठेवला तर चेहरा कोनातला वाटतच नाही, नुसता लांबट वाटतो. वरची पापणी जास्त वळते, खालची जवळजवळ सरळ होते.

फुकानमध्ये सगळं उलट. माथ्याला जास्त जागा लागते, केसांचा भोवरा दिसायला लागतो आणि सगळ्या बटा तिथूनच सुटायला हव्यात. नेहमीच्या समोरच्या चेहऱ्याची झुलपं वरच्या कोनात जशीच्या तशी बसवली तर डोकं चपटं होतं. नाकाचा शेंडा ओठांवर येतो, हनुवटी निमुळती होते, गळा दिसत नाही आणि खांदे हनुवटीच्याही वर येऊ शकतात. कान डोळ्यांच्या रेघेच्या वर जातात. खालची पापणी जास्त वळते, वरची सपाट होते.

तीन-चतुर्थांश चेहऱ्यात लांबचा डोळा जवळच्यापेक्षा अरुंद हवा. किती, ते वळणावर अवलंबून आहे, पण मांगाचे मोठे डोळे असतील तर निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत धरून चला. उंची मात्र कमी करू नका, फक्त रुंदी. आणखी वळलेल्या, मागून दिसणाऱ्या गालात डोळा दिसत नाही, पण पापणीचे केस गालाच्या कडेबाहेर डोकावतात. त्या दोन-तीन रेघांवरून वाचक पूर्ण डोळा मनात काढतो.

उजव्या हाताने काढणाऱ्यांना डावीकडे तोंड केलेला चेहरा सहज जमतो आणि उजवीकडचा हमखास वाकडा होतो. कागद उलटा करून प्रकाशपेटीवर ठेवा, किंवा डिजिटलवर कॅनव्हास आरसा करा. लांबच्या बाजूचा जबडा बाहेर गेलेला लगेच दिसेल. हे शाई लावण्याआधी करा, नंतर पांढऱ्या रंगाने दुरुस्त करत बसावं लागतं.


कोराकागद

दोघांचेही आभार. एक प्रश्न आहे. पार्श्वभूमीत रस्ता, भिंत व्यवस्थित काढली आणि त्यावर पात्र ठेवलं तर ते जमिनीवर उभं न वाटता तरंगतं. पायाखाली सावली दिली तरी तसंच. दोन पात्रं असली तर एक दुसऱ्यापेक्षा राक्षसासारखं मोठं वाटतं. नेमकं काय तपासावं?


निळीपेन्सिल

कोराकागद, भिंतीचं क्षितिज एक आणि पात्राचं क्षितिज दुसरं, असं झालेलं असणार. सावलीने ते झाकलं जात नाही.

सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, सारख्या उंचीच्या सगळ्या पात्रांना क्षितिजरेषा एकाच ठिकाणी कापते. पात्र दोन पावलांवर असो की रस्त्याच्या टोकाला. कॅमेरा १५० सेंमीवर असेल आणि पात्रं १६० सेंमीची असतील तर क्षितिज सगळ्यांच्या डोळ्यांतून जाणार. कॅमेरा ९० सेंमीवर असेल तर सगळ्यांच्या कमरेतून. त्यात ११० सेंमीचं मूल असेल तर १५० च्या क्षितिजाखाली ते पूर्णच्या पूर्ण येईल, आणि डोक्यापासून क्षितिजापर्यंतचं अंतर त्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा थोडं जास्त असेल.

म्हणून तपासणी अशी: पार्श्वभूमीतल्या खिडक्या, फरसबंदी, भिंतीच्या कडा यांच्या रेघा लांबवा आणि कुठे मिळतात ते बघा. ते मिळतात त्या उंचीवर आडवी रेघ टाका. आता ती रेघ पहिल्या पात्राला कुठे कापते? छातीत. मग दुसऱ्यालाही छातीतच कापायला हवी. मागच्या पात्राचे पाय आधी जमिनीवर ठरवा, पायापासून क्षितिजापर्यंतचं अंतर मोजा, तेवढ्यात छातीपर्यंतची उंची बसवा, आणि उरलेलं वर काढा. डोक्यापासून सुरू करून पायाकडे आलात की पाय कुठेतरी हवेत संपतात.

आणखी एक गोष्ट. दोन्ही पावलं एकाच आडव्या रेघेवर ठेवू नका. क्षितिज वर असेल तर पुढचं पाऊल चौकटीत खाली आणि मागचं वर येतं. पावलांचे तळ जमिनीच्या लोपबिंदूकडे (समांतर रेघा क्षितिजावर जिथे मिळतात तिकडे) जाणाऱ्या पट्ट्यांवर बसवले की तरंगणं थांबतं.

महाराष्ट्रात इंटरमिजिएटची परीक्षा दिलेल्यांनी स्मरणचित्रात माणसांचे घोळके काढलेले असतात. तिथे मागची माणसं नुसती लहान करून वर ढकलायची सवय लागते. ती सवय इथे सोडावी लागते.


ओळंबा

पोझच्या तोलाबद्दल लिहितो, कारण तोल चुकला तर कोन कितीही बरोबर असला तरी पात्र पडेल असं वाटतं.

उभ्या पात्रात दोन गळाहाडांच्या मधल्या खळगीतून ओळंबा सोडा. एका पायावर भार असेल तर तो त्या पायाच्या घोट्यावर यायला हवा. दोन्ही पायांवर भार असेल तर दोन पावलांच्या मध्ये. धावणाऱ्या पात्रात तो टेकलेल्या पावलाच्या पुढे पडतो, आणि म्हणूनच ते धावतंय असं वाटतं. धावताना ओळंबा पावलावरच पडला तर पात्र एका जागी उड्या मारतंय असं दिसतं.

भार ज्या पायावर, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर. त्याच बाजूचा खांदा खाली. म्हणजे कमरेची रेघ आणि खांद्यांची रेघ एकमेकींच्या विरुद्ध कलतात, आणि त्या बाजूला बरगडीखाली कापडाच्या घड्या दाटतात, दुसऱ्या बाजूला कापड ताणलं जातं. या घड्या चुकीच्या बाजूला काढल्या तर सगळी पोझ खोटी पडते.

पिळाबद्दल मांगाकार हिरोहिको अराकींच्या पानांवरून शिकायला मिळतं. १९८७ साली सुरू झालेल्या त्यांच्या 'जोजो' या मालिकेतल्या पोझ इटालियन शिल्पांवरून आणि फॅशन चित्रांवरून प्रेरित आहेत, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. तिथे कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, चेहरा तिसरीकडे, आणि हात बहुतेक वेळा चेहऱ्याजवळ, म्हणजे नजर तिथेच परतते. नक्कल करणारे बाह्यरेषा उचलतात आणि पीळ कुठून येतो ते सोडून देतात. कण्याचा कमरेचा भाग जेमतेम ५ ते १० अंश फिरतो. छातीचा भाग ३५ अंशांच्या आसपास. मान आणखी ८० पर्यंत. म्हणजे कंबर स्थिर ठेवली तर खांदे साधारण ४५ अंश फिरतात. तुम्ही ते ६० केलेत तर मांगात चालतं, पण वळण बरगड्यांच्या जागेत दाखवा. बेंबीच्या जागी पिळलं की पात्र मधून तुटतं.

हात वर करताना खांदा तिथल्या तिथे ठेवणं, ही दुसरी मोठी चूक. हात पूर्ण १८० अंश वर जातो तेव्हा त्यातले साधारण ६० अंश खवाट्याच्या हाडाच्या फिरण्यातून येतात. म्हणजे खांदा कानाकडे उचलला जाणारच, गळाहाड तिरकं होणारच. ते झालं नाही तर हात खांद्यात खिळा ठोकून बसवल्यासारखा दिसतो.


सावलीरेघ

ओळंबा, तोलाचं आणि खांद्याचं शंभर टक्के मान्य. पण या धाग्याचा कल जोरकस पोझकडे चाललाय आणि मला ते खटकतंय. गोष्ट सांगणाऱ्या पानावर बहुतेक चौकटी छातीपर्यंतच्या, डोळ्याच्या पातळीवरच्या असतात, आणि तशाच असायला हव्यात. प्रत्येक चौकट पिळलेली आणि तिरकी असली तर कुठलीच महत्त्वाची राहत नाही. समोरासमोरच्या दोन पानांत एक जोरकस कोन, फार तर दोन, यावर माझा भर असतो. आणि तो कोन संवादातल्या वळणावर पडायला हवा.

छातीपर्यंतच्या चौकटीत पोझ नसते, असा समज आहे. असते, फक्त ती मान, खांदे आणि हात यांच्यात असते. डोकं खोक्यावर ताठ ठेवू नका. लाजणारं पात्र: हनुवटी आत, दोन्ही खांदे थोडे पुढे आणि वर, कोपर बरगडीला चिकटलेलं. चिडून गप्प बसलेलं: हनुवटी पुढे, खांदे खाली, चेहरा एका बाजूला पण नजर समोरच्यावर. खोटं बोलणारं: धड समोर, चेहरा समोर, नजर आणि हात मात्र दुसरीकडे. धड, चेहरा आणि नजर या तीन दिशा वेगवेगळ्या ठरवायच्या, हे मी प्रत्येक चौकटीला करायला सांगते. तिन्ही एकाच दिशेला असतील तर पात्र ओळखपत्राच्या फोटोसारखं दिसतं.

शोजो, म्हणजे मुलींसाठीच्या मांगाची परंपरा यात फार श्रीमंत आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस माकोतो ताकाहाशींनी पूर्ण उंचीची मुलगी चौकटी ओलांडून पानाच्या कडेला उभी करायला सुरुवात केली. तिच्या मागे गोष्टीच्या चौकटी चालू राहतात. ती पोझ कुठलीही क्रिया करत नाही. कपडे, उभं राहण्याची ढब आणि मनःस्थिती एवढंच ती सांगते. अशा आकृतीला क्षितिज नसतं, पाय जमिनीवर नसतात, आणि तेच तिथे योग्य आहे. निळीपेन्सिलताईंच्या पहिल्या नियमाला हा खरा अपवाद.


निळीपेन्सिल

सावलीरेघ, अपवाद मान्य. क्षितिज नसलेल्या आकृतीतही कॉलर आणि स्कर्टची कड एकमेकांशी जुळायला हवी, एवढीच पुस्ती जोडते. ती जुळण्यासाठी कुठेतरी डोळ्याची पातळी धरावीच लागते, भले कागदावर आखू नका.


टाकबोरू

फोरशॉर्टनिंगचे (आपल्याकडे येणारा अवयव आखूड आणि त्याचं जवळचं टोक मोठं दिसतं, त्याचे) आकडे देतो, कारण 'पुढचा हात मोठा काढा' एवढ्याने काही होत नाही.

वाचकाकडे येणारा ठोसा घ्या. मूठ आणि चेहरा यांत ७० सेंमी अंतर. मूठ रुंदीला साधारण ९ सेंमी, डोकं उंचीला साधारण २२. कॅमेरा मुठीपासून १ मीटरवर असेल तर चेहरा १७० सेंमीवर. मूठ चेहऱ्याच्या तुलनेत १.७ पट वाढते, म्हणजे डोक्याच्या सुमारे ७० टक्के. आता कॅमेरा मुठीपासून ३० सेंमीवर आणा. चेहरा १०० सेंमीवर, प्रमाण ३.३ पट, आणि मूठ डोक्यापेक्षा सुमारे १.३५ पट मोठी. पहिला ठोसा समोरच्या पात्राला लागतो, दुसरा वाचकाला. आपल्याला कुठला हवाय हे नेमुमध्येच ठरवा.

खालून पाहिलेल्या पूर्ण आकृतीचंही तसंच. १६० सेंमीचं पात्र, कॅमेरा जमिनीपासून ४० सेंमीवर. कॅमेरा १ मीटरवर असेल तर डोकं पावलांच्या तुलनेत ३० टक्के लहान दिसतं. तोच ४ मीटरवर नेला तर फरक जेमतेम ४ टक्के. म्हणजे 'खालचा कोन' एवढंच सांगून चित्र पूर्ण होत नाही. जोर अंतरामुळे येतो, उंचीमुळे नाही. भव्य इमारतीसमोर उभं असलेलं पात्र आओरीत हवं असेल पण विचित्र नको असेल, तर कॅमेरा लांब न्या.

मधला हात कसा लपवायचा? लंबवर्तुळं एकामागे एक रचा: मूठ, मनगट, कोपर, दंड. जवळचं लांबच्याला झाकतं, म्हणून मनगटाची रेघ मुठीमागे तुटते आणि कोपराची मनगटामागे. मनगटापासून खांद्यापर्यंत दोन समांतर रेघा ओढल्या की हात नळी होतो आणि खोली मरते. बाहीच्या घड्याही याच लंबवर्तुळांवरून फिरवा.

शाईत: मूठ जी-पेनने, जाड आणि दाब बदलत. चेहरा मारू-पेनने, बारीक. दोन्ही एकाच जाडीचे ठेवले तर आकडे बरोबर असूनही मूठ मागे ओढली जाते. चौकटीच्या कडांकडून एका बिंदूकडे एकवटणाऱ्या रेघांचं केंद्र मुठीवर ठेवायचं की डोळ्यांवर, हाही निर्णय आहे. मी डोळ्यांच्या बाजूचा आहे, कारण मूठ आकारानेच दिसते. रेघांची मदत चेहऱ्याला हवी असते.

जपानीत एक रूढ युक्ती आहे, खोटा पर्स्पेक्टिव्ह. धड जवळजवळ सपाट ठेवायचं आणि फक्त हात किंवा पाऊल फुगवायचं. शोनेन, म्हणजे मुलग्यांसाठीच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर हे सर्रास दिसतं. ते चालतं, पण एकाच अवयवाला. हात आणि गुडघा दोन्ही फुगवले की पात्र फुग्याचं होतं.


उलटंपान

दिशेबद्दल कुणीच लिहिलं नाही. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि पोझची अर्धी ताकद तिथून येते. डावीकडे तोंड करून धावणारं पात्र वाचकाच्या नजरेबरोबर जातं, वेगवान वाटतं. उजवीकडे तोंड केलेलं पात्र नजरेला आडवं येतं, म्हणून अडवणारा, परत येणारा, अचानक समोर उभा राहणारा तसा काढतात. 'ड्रॅगन बॉल'कार अकिरा तोरियामांची मारामारीची पानं बघा. एका चौकटीत ठोसा ज्या दिशेला, पुढच्या चौकटीत उडालेलं शरीर त्याच दिशेला. कितीही वेग असला तरी कोण कुठे गेला हा प्रश्न पडत नाही.

संवादातही उजवीकडचं पात्र आधी बोलतं, कारण त्याचा फुगा आधी वाचला जातो. म्हणून कोण कुठे बसणार हे संवादावरून ठरवायचं. उलट केलं तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात.

मराठीत लिहिताना हे सगळं आरशात जातं. आपल्या फुग्यातला मजकूर डावीकडून वाचतात. पान मात्र मांगासारखं उजवीकडून ठेवलं तर वाचक चौकटीत एका दिशेला आणि पानावर दुसऱ्या दिशेला जातो. माझं ठाम मत आहे की मराठी मजकुरासाठी पान डावीकडूनच रचावं, आणि मग धावणारं पात्र उजवीकडे तोंड करून. पण जपानी पानावरून उचललेली पोझ आरशात उलटवताना तलवार कुठल्या हातात जाते, शर्टाची बटणं कुठल्या बाजूला लागतात, हे बघा. पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांसाठी पानं उलटवून छापत, तेव्हा उजव्या हाताने काम करणारी सगळी पात्रं डावखुरी व्हायची.


सावलीरेघ

उलटंपान, याला जोडून. दोन पात्रं बोलत असताना त्यांना जोडणारी एक काल्पनिक रेघ असते, आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहतो. सिनेमातलाच नियम. ती ओलांडायची असेल तर मध्ये एक चौकट द्या: दोघंही दिसतील अशी वरून घेतलेली फुकान, किंवा एकाच्या पाठीमागून घेतलेली. तीसुद्धा लांब आणि पार्श्वभूमीसकट. नुसत्या चेहऱ्यावर ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघतायत असं वाटतं.

पानाची चढण कशी बांधायची त्यासाठी हा क्रम उपयोगी पडतो: लांबून फुकान, म्हणजे जागा कळली. मग डोळ्याच्या पातळीवर दोन-तीन चौकटी. मग एक अगदी जवळची, हात किंवा ओठ. आणि पान उलटल्यावर मोठी आओरी. ओसामु तेझुकांच्या १९४७ च्या 'शिन ताकाराजिमा'ची सुरुवात, मोटार चालवत बंदराकडे जाणारा मुलगा, अजूनही अभ्यासाला घेतात ती हे अंतर बदलण्यासाठीच. ताकेहिको इनोउएंच्या 'स्लॅम डंक'मध्ये शेवटच्या सामन्याचे अखेरचे क्षण जवळजवळ संवादाशिवाय आहेत. तिथे कोन आणि पोझ हेच वाक्य आहे. आणि कात्सुहिरो ओतोमोंच्या 'अकिरा'त (१९८२ ते १९९०) पात्र आणि इमारत एकाच कॅमेऱ्यातून पाहिल्यासारखी बसतात. निळीपेन्सिलताईंनी वर सांगितलेला क्षितिजाचा नियम तिथे पानोपानी तपासता येतो.

चौकटींमधल्या फटीही यात येतात. वरखालच्या ओळींमधली फट रुंद आणि एकाच ओळीतल्या चौकटींमधली अरुंद ठेवतात. दोन्ही सारख्या केल्या तर नजर खाली घसरते आणि तुमचा जपून ठेवलेला कोन आधीच दिसून जातो.


कोराकागद

क्लिप स्टुडिओ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधली त्रिमितीय आकृती वापरावी का? त्यावरून काढलेलं ताठ दिसतं, असं बरेच जण म्हणतात.


ओळंबा

वापरा, पण कॅमेऱ्यासाठी. पोझसाठी नाही. आकृती ठेवल्यावर पर्स्पेक्टिव्हचा स्लायडर आधी बघा. टाकबोरूंनी दिलेल्या आकड्यांतलं अंतर म्हणजे हाच स्लायडर. तो वाढलेला असेल तर साध्या संवादातही नाक पुढे आणि कान मागे पळतात. नंतर आकृतीचं क्षितिज आणि पार्श्वभूमीच्या पर्स्पेक्टिव्ह रूलरचं क्षितिज एकच करा.

ताठपणाची कारणं ठरलेली आहेत. हात उचलला तरी गळाहाड आपोआप पुरेसं उचललं जात नाही, ते वेगळं फिरवावं लागतं. मांडी पोटाला लागली तरी मांस दबत नाही. बसलेल्या पात्राचे कुल्हे जमिनीवर सपाट होत नाहीत. पावलाची बोटं टेकल्यावर पसरत नाहीत. आणि आकृतीचं डोकं खऱ्या प्रमाणातलं असतं, मांगाचं मोठं. तुमचं पात्र ६ डोक्यांचं असेल आणि आकृती साडेसातची, तर मान आणि खांदे यांचं नातं पूर्ण बदलतं. म्हणून आकृतीची अपारदर्शकता (ओपॅसिटी) ३० टक्क्यांवर आणा, त्यावर खोके आणि कण्याची एक वाहती रेघ काढा, मग आकृती लपवा आणि पुढचं स्वतः काढा. थेट बाह्यरेषा गिरवली तर हे सगळे दोष शाईत उतरतात.


कोराकागद

शेवटचं. जमिनीवर बसलेली पात्रं, समजा जेवायच्या बैठ्या टेबलाभोवती चौघं, फुकानमध्ये काढायची आहेत. मांड्या कायम चुकतात.


निळीपेन्सिल

जमिनीवर बसलेल्या माणसाची उंची उभ्या उंचीच्या साधारण निम्मी, किंचित जास्त. १६० सेंमीचं पात्र बसल्यावर ८३ च्या आसपास. पाहणारा उभा असेल, डोळे १५० वर, तर क्षितिज बसलेल्यांच्या उंचीच्या १.८ पट वर. म्हणून ते बहुधा चौकटीबाहेर जातं, आणि म्हणूनच जपानी घरातल्या चटईवरच्या प्रसंगांत सौम्य फुकान इतकी सहज येते.

आधी चटईची जाळी आखा. प्रत्येक पात्रासाठी जमिनीवर एक त्रिकोण: मागचं टोक बैठकीचं, पुढची दोन गुडघ्यांची. हे त्रिकोण जाळीच्या पर्स्पेक्टिव्हमध्येच काढा, चारही टेबलाकडे तोंड करून. मांडी घातलेल्या पात्राचा त्रिकोण रुंद आणि आखूड असतो, पोटऱ्या त्याच्या पुढच्या बाजूला एकमेकींवर येतात. गुडघे दुमडून टाचांवर बसलेल्याचा त्रिकोण अरुंद आणि लांब. टाचा कुल्ह्यांखाली गेलेल्या असतात, त्यामुळे असं पात्र मांडी घातलेल्यापेक्षा टाचेच्या उंचीइतकं वर बसतं. दोघांची डोकी एकाच रेघेत ठेवली तर एक जमिनीत रुतल्यासारखं दिसतं.

आपल्याकडे तोंड केलेल्या पात्राची मांडी वरून पाहताना लांब दिसते आणि धड आखूड. नवशिक्यांचं नेमकं उलट होतं, कारण धड समोरून पाहिल्याच्या उंचीचंच काढलं जातं आणि मांडीला जागा उरत नाही. कमरेचा खोका आधी, त्याचा माथा दिसेल असा. छातीचा खोका त्याच्या वरच्या पृष्ठाचा काही भाग झाकेल असा. मग गुडघे त्रिकोणाच्या टोकांवर, आणि नळकांडी सगळ्यात शेवटी. टेबलाची अलीकडची कड ज्या मांड्यांना झाकते तिथे त्या काढून मग खोडा. अंदाजाने तोडल्या तर टेबलाखाली पाय कुठे गेले ते वाचकाला जुळत नाही.